आईच्या नावाने दिलेला अर्ज

आमच्या जुन्नरच्या पेठेचा आराखडा नव्याने करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद बहुतेक मला झाला असेल. नगरपालिकेच्या फलकावर नोटीस लागली होती. जुन्या बाजारपेठेच्या भागाचा आराखडा सुधारायचा आहे, नागरिकांनी आपल्या सूचना व हरकती लेखी द्याव्यात. मी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली. ‘लेखी’ म्हटलं की मला कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं. मी इथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी पदवीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. पश्चिमेला डोंगरात आमचं गाव, भात-नाचणीवर जगणारं. तिथल्या लोकांचे रेशनकार्डाचे, सातबाऱ्याचे, एसटीचा थांबा मागण्याचे अर्ज मीच लिहून देतो. ज्या लोकांनी मला शिकवलं, त्यांच्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच आहे.

आणि हा आराखडा तर थेट आईच्या जागेवर आला होता.

आई दर रविवारी पहिल्या एसटीने खाली उतरते आणि बाजारात बसते. जुन्या शाळेची लांब दगडी भिंत आहे, तिच्या कडेला डोंगरातल्या दहा-बारा जणींची रांग असते. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, दिवाळीनंतर हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरई. माझी वह्या-पुस्तकं, माझा चष्मा, मंचरला बी.ए. करत होतो तेव्हाचं खोलीभाडं, हे सगळं त्या भिंतीकडेच्या गोणपाटावरून आलं. कच्च्या आराखड्यात त्या जागेसाठी दोन पर्याय दाखवले होते. एकात रांग भिंतीपाशीच राहणार होती आणि पुढे चालणाऱ्यांसाठी पायवाट होणार होती. दुसऱ्यात भिंतीकडेला गाड्या लागणार होत्या आणि बायकांना मंडईच्या मागे नव्या शेडमध्ये ओटे मिळणार होते. लोकांचं म्हणणं बघून ठरवू, असं खाली लिहिलं होतं.

मी आईच्या नावाने अर्ज लिहिला. तीन पानं. शेड मागितली, सिमेंटचे ओटे मागितले, नळ आणि दिवे मागितले. ओट्यांना क्रमांक द्यावेत आणि सोडत काढून दर वर्षी वाटप करावं, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही, असं लिहिलं. सलग गैरहजर राहणाऱ्या विक्रेत्याचा ओटा दुसऱ्या गरजूला द्यावा, असंही लिहिलं. ‘जमिनीवर बसून विक्री करण्याच्या हलाखीतून आमची सुटका व्हावी’ हे वाक्य मला फार जमल्यासारखं वाटलं. चौथ्या मुद्द्यात भिंतीलगतचा दगडांचा राडारोडा हटवावा, अशी विनंती केली.

रविवारी बाजार उठल्यावर आई माझ्या खोलीवर जेवायला आली, तेव्हा सही घेतली. आईला सही येते. ती अक्षरं एकेक करून मांडते, पाटीत भाजी मांडावी तशी.

‘‘काय लिवलंय?’’

‘‘तुझ्या जागेचं.’’

‘‘मंग बरं,’’ म्हणाली आणि हात धुवायला गेली.

अर्ज द्यायला गेलो, तर टेबलाच्या पलीकडे ती बसलेली.

ती म्हणजे माझ्या अकरावी-बारावीच्या वर्गातली मुलगी. आम्ही नारायणगावला शिकायला होतो. मी वसतिगृहात, ती खोडदहून येऊन-जाऊन. बागायती घरातली होती. तरीही मला तिच्या बागायतीचा हेवा कधी वाटला नाही. मला हेवा वाटायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचे वडील शेती सांभाळून खोडदच्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींच्या आवारात कामाला जायचे. तिथल्या शिकलेल्या माणसांना ते विचारायचे, मुलीचं गणित चांगलं आहे, चित्रं चांगली काढते, पुढं काय करावं? कुणीतरी सांगितलं, इमारतींचं शिक्षण असतं, पुढे शहरांची आखणी करण्याचंही असतं. ती त्या वाटेने गेली. गणितात आमच्यात दोन-चार मार्कांचाच फरक असायचा. मी बारावीनंतर वर्तमानपत्रातली जाहिरात बघून कला शाखेत गेलो. जे मिळालं त्याबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही. मला चांगले शिक्षक भेटले. पण मला विचारायला माणूस नव्हता आणि तिला होता, हे मी वीस वर्षांत विसरलो नाही.

‘‘अरे! तू?’’ ती उठून उभी राहिली. पुण्याच्या ज्या मंडळींकडे हे काम होतं, त्यांच्यात ती होती. गळ्यात ओळखपत्र, केस कानाशी थोडे पिकलेले. मी अर्ज पुढे केला. तिने तिथेच वाचला, सावकाश. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शाळेत तपासलेला पेपर हातात यायच्या आधी सरांकडे बघावं, तसा.

‘‘अक्षर तसंच आहे तुझं,’’ ती म्हणाली. ‘‘आई बसतात का इथे? मला भेटता येईल?’’

‘‘सगळं लिहिलंय त्यात.’’

‘‘वाचलं ना. तरी भेटते.’’

तो ‘तरी’ मला लागला. अर्जावर शिक्का मारून पोच घेतली आणि निघालो.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला बाजारात गेलो, तर ती आईशेजारी गोणपाटावर मांडी घालून बसलेली. मी आलेलं दोघींनाही कळलं नाही. रांगेतल्या एका मावशींनी मला विचारलं, ‘‘मास्तर, ही बाई सकाळच्या पयल्या गाडीपासनं बसलीय. तुमची कोण?’’

‘‘वर्गात होती,’’ मी म्हणालो.

‘‘तिनं निम्मा तांदूळ इकून दिला की वो. तुमी कवा मापटं धरलं व्हतं?’’

रांग हसली. मी कांद्याच्या ढिगापाशी उभा राहून ऐकत राहिलो. तिच्या मांडीवर वही होती, पण ती काही मोठे प्रश्न विचारत नव्हती. ऊन कधी येतं? पाठ टेकायला भिंत लागते का? पाणी कुठून आणता? लघवीला कुठे जाता? हे शेवटचं विचारलं तेव्हा आई एकदम तिच्याकडे वळली आणि हळू आवाजात खूप वेळ बोलत राहिली. मला ते ऐकू आलं नाही. एवढ्या वर्षांत तो प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

मग तिने भिंतीच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. ‘‘मावशी, हे दगड कशाला?’’

‘‘त्ये आमचं दगड,’’ आई म्हणाली. ‘‘जिच्या तिच्या गावच्या वढ्यातलं. ह्यो माझा. सासूनं आणल्याला. आठ दिस हितंच ऱ्हात्यात. झाडणारा बी हलवत न्हाई, त्याला ठाव हाय.’’

‘‘म्हणजे जागा धरून ठेवायला?’’

‘‘जागा तर हायेच गं. पण एखादी आली न्हाई, दुखलंखुपलं, बाळंत झाली, तर तिच्या दगडाम्होरं शेजारणीनं येक वाटा मांडायचा. आपल्याच मालातला. त्या वाट्याचं जे येईल त्ये तिच्या घरी धाडायचं. दगड रिकामा ठिवायचा न्हाई.’’

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. वाटा म्हणजे आमच्याकडे तागडीने न तोलता मांडलेला ढीग, भाजीचा, करवंदांचा. ते दगड म्हणजे वाऱ्याने गोणपाट उडू नये म्हणून ठेवलेले, असं मी धरून चाललो होतो. माझी शाळा त्या भिंतीपासून पाच मिनिटांवर आहे.

आई पुढे बोलतच होती. ‘‘माझा पाय मोडला व्हता, भाताच्या बांधावरनं पडले तवा. माझा पोरगा मंचरला शिकत व्हता. अख्खा पावसाळा मी घरात. ह्या समद्या जणींनी माझ्या दगडाम्होरं वाटा मांडला, येक रईवार चुकावला न्हाई. तवा त्याची पिशवी गेली मंचरला.’’

ती पिशवी मला आठवते. दर सोमवारी एसटीच्या कंडक्टरकडून यायची. तांदूळ आणि खर्चाचं पाकीट. घरातल्या कणगीतून वडिलांनी काहीतरी जुळवलं असेल, असं मी समजलो होतो. मी त्यांना पत्र लिहिलं होतं, आभाराचं. वडिलांनी ते नुसतं ठेवून घेतलं.

खरं म्हणजे त्या क्षणी मला त्या रांगेतल्या प्रत्येकीच्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण नंतर. आधी जे वाटलं ते एवढंच, की हे तिला का सांगितलं? आई माझी, पाय आईचा, पिशवी माझी. आणि ओळख होऊन तीन तास झालेल्या बाईला सगळं कळलं, ते माझ्यासमोर. तिच्या वहीत आता माझी ती पिशवीसुद्धा गेली होती.

त्या दिवशी दुपारी जेवताना आईचं तेच चाललं होतं. ‘‘लई गुणाची पोरगी. खाली बसली, कापडं बी झटकली न्हाईत.’’

‘‘पगार घेते त्याचा,’’ मी म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिलं. ‘‘पगार तुला बी हाय की,’’ म्हणाली आणि भाकरी मोडली.

माझा अर्ज चुकला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. सोडत काढली की शेजारीण बदलणार. गैरहजर राहिलीस की ओटा गेला. आणि दगड तर मीच राडारोडा म्हणून हटवायला सांगितले होते. सोमवारी जाऊन अर्ज मागे घेता आला असता. मी गेलो नाही. तिच्यासमोर उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं माझ्याच्याने होईना. मी स्वतःची समजूत घातली, की अशा शेकडो अर्जांत आपला एक कागद, काय होणार आहे त्याने?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

‘‘मंगळवारी सुनावणी आहे. भिंतीकडच्या रांगेतून किती अर्ज आले माहितेय? एक. तुझा.’’

‘‘आणि तू जे वहीत लिहिलंस ते?’’

‘‘ते माझं निरीक्षण झालं. मी ते मांडीनच. पण समोर त्याच रांगेतल्या बाईंच्या सहीचा कागद आहे, आम्हाला इथून हलवा म्हणून. गाडीवाल्यांचे वीस अर्ज आहेत, तेही हेच म्हणतात. सुनावणी घेणारे साहेब कुठलं धरतील?’’

मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात आलो.

‘‘मला तो काढून टाकता येत नाही रे. ज्यांची सही आहे त्यांनीच मागे घ्यायला हवा,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी मोटारसायकल काढून गावी गेलो. आई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मी अर्जाची नक्कल काढली आणि म्हणालो, ‘‘तू सही केलीस ना, ते वाचून दाखवतो.’’

‘‘आता व्हय?’’

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. वर्गात धडा वाचतो तसं वाचायला लागलो होतो, पण दुसऱ्या पानापर्यंत आवाज उतरला. आई सूप हलवत राहिली. एका शब्दापाशी तिने थांबवलं.

‘‘हलाखी म्हंजी?’’

‘‘म्हणजे... वाईट स्थिती. कष्टाची.’’

सूप थांबलं. ‘‘मी हलाखीत बसते?’’

मी कागदावर पुढची ओळ शोधायला लागलो.

‘‘शाळंतल्या मास्तरांबरूबर असतोस तवा तू भितीकडनं येत न्हाईस. चावडीच्या अंगानं जातोस,’’ आई म्हणाली. ‘‘मला दिसतं तिथनं. बोलले न्हाई कवा.’’

चौथा मुद्दा मी वाचला. आईने तांदळातला एक खडा उचलला, बघितला आणि अंगणात लांब फेकला. मग पदराला हात पुसून म्हणाली, ‘‘फोन लाव त्या पोरीला. आता तिच्याकडनंच लिवून घेते.’’

मी अर्ज लिहायला लागल्यापासून गावातलं एकही माणूस माझ्या हाताखालून उठून दुसऱ्याकडे गेलं नव्हतं. पहिली आईच निघाली होती. फोन लावला, आवाज मोठा करून आम्हा दोघांच्या मध्ये धरला.

‘‘मावशी, मला नाही लिहिता येणार,’’ ती पलीकडून म्हणाली. ‘‘अर्ज घेणारी मीच. मीच लिहून कसा देऊ?’’

‘‘मंग आमी काय करावं?’’

‘‘तुमचा मुलगा आहे ना. निबंधात मी कधी त्याच्या पुढे गेले नाही. फक्त तुम्ही सांगाल तेच लिहायला सांगा.’’

हे खरं होतं. मराठीच्या निबंधात मीच पहिला असायचो आणि ते तिच्या लक्षात होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण इतक्या सहज दुसऱ्याचं चांगलं सांगून टाकणं, तेही माझ्या आईला, हेसुद्धा तिलाच जमत होतं. मी फोन बंद केला.

‘‘उंद्या भितीपाशी ये,’’ आई म्हणाली. ‘‘खुर्ची आणू नगं.’’

रविवारी सकाळी पहिल्या गाडीच्या वेळेला मी आईच्या शेजारी गोणपाटावर बसलो. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद. शाळेतले दोन सहकारी पिशव्या घेऊन समोरून गेले, थांबले, ‘‘काय सर, आज इकडे?’’ म्हणाले. मी म्हणालो, ‘‘ही माझी आई.’’ त्यांनी नाचणी घेतली.

अकरा जणी एकदम सांगायला लागल्या.

‘‘लिवा, आमाला छप्पर नगं. भितीची सावली बारापतोर पुरती.’’

‘‘पाणी लिवा आधी.’’

‘‘पाणी काय, मोरी लिवा. आमी दिसभर पाणी पीत न्हाई, का त्ये इचारा म्हनावं.’’

‘‘मास्तर, त्ये ‘महोदय’ कितीदा लिवताय? येकदा पुरं की.’’

मी ‘विक्रेत्या महिला’ लिहिलं तर आईने पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. ‘‘काय लिवलं?’’ वाचून दाखवलं. ‘‘न्हाई. भितीकडच्या बायका लिव. समदं जुन्नर तसंच म्हणतं.’’ मी खोडून तसं लिहिलं. दगडांपाशी आलो, तेव्हा प्रत्येकीने आपला दगड दाखवला, गाव सांगितलं, आणि मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रमाने लिहून घेतलं. सातव्या दगडाशी कुणी नव्हतं. तिथे वालाच्या शेंगांचा एक वाटा मांडलेला होता. ती आजारी होती, गेले तीन रविवार. तिची सही कशी घ्यायची, असं मी विचारलं.

‘‘वाटा मांडलाय न्हवं?’’ शेजारची म्हणाली. ‘‘मंग आलीय ती. लिवा.’’

कायद्याने ते चालत नाही, हे मला माहीत होतं. मी दगड क्रमांक सात लिहिला, गावाचं नाव लिहिलं आणि सहीची जागा कोरी सोडली. आईचा पहिला अर्ज मागे घेतल्याचं शेवटी एका ओळीत लिहिलं.

मंगळवारी मी रजा टाकली. सुनावणीच्या खोलीत बायका मागच्या भिंतीला टेकून बसल्या. खुर्च्या होत्या, पण त्यांना सवयीने भिंत बरी वाटली. साहेब सरळ माणूस होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘‘बाई, दोन्ही तुमच्याच नावाचे, अक्षरही एकच. पहिल्यात शेड हवी, दुसऱ्यात नको. नक्की काय?’’

आई उठून उभी राहिली. ‘‘सायेब, पयला माझ्या लेकानं लिवला. ह्यो मी लिवलाय.’’

खोलीत हशा पिकला. मी खाली बघत होतो. तरी मला दिसलं, की टेबलामागे बसलेली ती हसली नाही. तिने फक्त पेन उचललं आणि काहीतरी टिपून घेतलं. मग तिने आपली वही उघडून सावलीचं, पाण्याचं, दगडांचं सांगितलं. नीट सांगितलं. सोडत काढली तर काय मोडेल, हे तिने दोन वाक्यांत सांगितलं; मला त्याला पानभर लागलं असतं. साहेबांनी सातव्या सहीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, तेव्हा तिने बायकांकडे पाहिलं आणि आईने वाट्याचं सांगितलं. रांग भिंतीपाशीच ठेवावी, गाड्यांसाठी दुसरी जागा बघावी आणि बायकांसाठी नकाशात स्वच्छतागृह दाखवावं, अशी शिफारस करतो, असं साहेब म्हणाले. अंतिम मंजुरी वरून यायची होती, अजूनही यायची आहे.

सुधारलेला नकाशा महिन्याभराने लागला. भिंतीच्या कडेने बारा लहान गोल काढले आहेत. क्रम मी लिहून दिला होता तोच आहे, पण गोल तिने काढलेत. खाली कुणाचंच नाव नाही. मी शाळेतल्या मुलांना घेऊन गेलो आणि दाखवलं. ‘‘सर, तुम्ही केलं का हे?’’ एका मुलीने विचारलं. ‘‘लिहिलं मी,’’ असं म्हणालो. ‘काढलं तिने’ हे म्हणायला मला थोडा वेळ लागला. म्हणालो मात्र.

त्या रविवारी आईने निघताना दोन पिशव्या माझ्याकडे दिल्या. नव्या तांदळाच्या, तोंडं सुतळीने बांधलेल्या.

‘‘येक तुझी. येक त्या पोरीला दे. जाणार हायस न्हवं पुण्याला, पेपर तपासायला?’’

‘‘कुठली कुणाची?’’

‘‘मोठी तिची,’’ आई म्हणाली आणि दगडापाशी वाकून गोणपाट झटकलं.

मी दोन्ही पिशव्या उचलल्या. एसटी स्टँडपर्यंत आईला सोडायला गेलो, गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. मग परत येताना, भिंतीच्या कडेने चालत, मी दोन्ही पिशव्या दोन हातांत धरून तोलून पाहिल्या. मोठी चांगली दोन मापटी जास्त भरली असेल.